गरम झालेलं पाणी जातं कुठे?

चारकोप, कांदिवली
२४ मे

प्रिय मधूआत्या,

मेल बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर अण्णांनी तुझ्या फोनमध्ये डोकं घालून वाचलं असतं, म्हणून हा लांबचा रस्ता. आणि विषय त्यांचाच आहे.

‘चार दिवस मधूकडे जाऊन येतो, जरा हवापालट’ म्हणून अण्णा तुझ्याकडे आले, त्याला आता तीन आठवडे होतील. रोज फोन करतो. रोज ‘येतो रे, येतो’ म्हणतात आणि लगेच तुझ्याकडच्या आंब्यांवर घसरतात. मुलुंडला कसली हवा आणि कसला पालट, यार! ते का गेले ते मला कळलंय. माझ्या कॉम्प्युटरच्या आवाजामुळे गेले.

तू परवा फोनवर विचारलंस ना, ‘तो डबा दिवसभर हॉलमध्ये करतो तरी काय?’ तर ऐक. बिल्डर लोकांना अजून न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारे व्हिडिओ मी बनवतो. स्टुडिओतल्या नोकरीव्यतिरिक्त, घरून. सकाळी मशीनला काम लावतो आणि अंधेरीला निघतो. मशीन दिवसभर एकेक चित्र तयार करत बसतं, मी संध्याकाळी येऊन बघतो. हे नीट जमलं तर दिवाळीनंतर नोकरी सोडून स्वतःचंच काम सुरू करायचंय. हे अण्णांनाही ठाऊक आहे. सगळी मेहनत करतं ते आतलं ग्राफिक्स कार्ड. ते तापतं, मग त्याचे तीन पंखे जीव खाऊन फिरतात, आणि मिक्सरमध्ये सुकं खोबरं घातल्यासारखा आवाज येतो. अण्णांचा दिवाण तिथून चार हातांवर. वामकुक्षी कशी होणार? सोसायटीतल्या सगळ्यांना ते ‘घोंघाट’ म्हणून सांगायचे.

म्हणून ठरवलंय, पंखे काढून कार्डाला पाण्याने थंड करायचं. त्यासाठी वॉटर ब्लॉक लागतो, म्हणजे तांब्याचा एक चपटा ठोकळा. तो कार्डाच्या चिपवर घट्ट बसतो, त्याच्या पोटातून पाणी वाहतं. बाजारात पन्नास प्रकार आहेत आणि मी पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघतोय. तू इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स-केमिस्ट्री शिकवलीस, म्हणून तुझं डोकं उसनं हवंय. मदत करशील ना? अण्णांना सांगू नकोस, सरप्राइज आहे. मला ते घरी हवेत गं. घर अगदी खायला उठतं.

तुझा
यज्ञेश


मुलुंड पूर्व
२६ मे

चि. यज्ञेश,

पाणी? विजेच्या वस्तूत? वाचून आधी मी कपाळाला हात लावला आणि मग चहा बाजूला ठेवून तुझी पंधरा दिवसांची अभ्यासमाला दोन बैठकींत बघून टाकली. काय सुरेख वस्तू आहे रे ती! तांब्यात केसासारख्या बारीक चिरा, त्यातून पाणी. निवृत्त झाल्यापासून इतकी मजा आली नव्हती. समोरची जयंती भाजी निवडायला आली होती, तिलाही बळेच एक व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, ‘दागिन्यासारखं दिसतं, पण घालायचं कुठे?’

आता नीट ऐक. ब्लॉक तांब्याचा असेल तर व्हिडिओतला तो जाळीदार रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घे. स्वस्त मिळतोय म्हणून ॲल्युमिनियमचा आणलास तर एकाच पाण्यात दोन धातू येतील, म्हणजे तू घरात बॅटरी बनवशील. ॲल्युमिनियम झिजत जाईल आणि त्याचा गाळ तुझ्या त्या चिरांमध्ये बसेल. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करायचे, पोरं दरवर्षी जांभया द्यायची. पाणी नळाचं नको आणि फिल्टरचंही नको. डिस्टिल्ड आण.

एक साधा प्रश्न. चिप तापते, पाणी तिची उष्णता घेतं, इथवर कळलं. पण मग ते गरम झालेलं पाणी जातं कुठे? व्हिडिओतली ती उत्साही मंडळी हे सांगायच्या वेळेला रंगीत दिव्यांकडे वळतात.

अण्णा मजेत आहे. जेवतो, झोपतो, माझ्या कुंड्यांना नको इतकं पाणी घालतो. आवाजाची तक्रार त्याने माझ्याकडे एकदाही केलेली नाही. पण तू म्हणतोस तर असेल.

तुझी
मधूआत्या


चारकोप
८ जून

प्रिय आत्या,

वाट लागली! ब्लॉक आला आणि बसत नाही.

काय झालं ते सांगतो. मी कार्ड सेकंडहँड घेतलं होतं, पवईतला एक स्टुडिओ बंद झाला त्यांच्याकडून. खोक्यावर जे नाव होतं त्याच नावाचा, चिपपासून टोकापर्यंत अख्खं कार्ड झाकणारा ब्लॉक मागवला. रविवारी माझा स्टुडिओतला मित्र सिद्धेश मदतीला आला. आम्ही पंखे काढले, जुनी वाळलेली पेस्ट पुसली, ब्लॉक वर ठेवला, तर तो एका बाजूने उचललेलाच राहिला. कंपनीने मधेच कधीतरी आतली सर्किटची पट्टी बदलली, पण नाव तेच आणि खोकंही तेच. आमच्या पट्टीवर एक सुटा भाग दोन मिलिमीटर उंच आहे. सिद्धेश म्हणाला, ‘दाबू का जरा?’ मी त्याला दाबणार होतो.

मग उघड्या कार्डाचा फोटो दुकानदाराला पाठवला. माणूस चांगला निघाला, बदलून द्यायला तयार आहे. आमच्या पट्टीवर बसणारे दोन ब्लॉक आहेत. पहिल्याच्या आतल्या चिरा अतिशय बारीक, कार्ड एकदम थंडगार ठेवतो, वर पारदर्शक झाकण, आतलं पाणी दिसतं. झकास! दुसऱ्याच्या चिरा रुंद, कार्ड त्याच्यापेक्षा चारेक अंश गरम राहतं, आणि वर काळं झाकण, अगदी सरकारी दिसतं. माझं मन पहिल्यावर आहे. तू बोल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथे मोठे, हळू फिरणारे पंखे असतात, ते पाण्याला थंड करतात, पाणी परत कार्डाकडे. गोल गोल. सोप्पं.

अण्णा फोनवर जरा थकल्यासारखे वाटले. झोप होत नाही का त्यांची?

यज्ञेश


मुलुंड पूर्व
११ जून

चि. यज्ञेश,

खोकं बघून घेतलंस, उघडून बघितलं नाहीस. चालायचंच, सगळे तेच करतात.

दोन ब्लॉकांचं म्हणशील तर चिरा जितक्या बारीक तितकं तांबं पाण्याला जास्त जागी भेटतं, म्हणून पहिला जास्त थंड ठेवतो. पण बारीक चिरांतून पाणी ढकलायला जोर लागतो. शहाळं जाड नळीने पी आणि मग बारीक नळीने पी, गाल दुखतात की नाही ते बघ. पंप जवळ असेल, नळ्या आखूड असतील, तर पहिला चालेल. नळ्या लांबवायच्या असतील तर तो सरकारीच बरा. तुझ्या नळ्या किती लांब असणार हे तूच ठरवायचंस, आणि ते ठरवण्याआधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

‘गोल गोल, सोप्पं’ हे उत्तर नव्हे. पेपरात लिहिलं असतंस तर शून्य दिलं असतं. पंखे पाण्याला थंड करतात म्हणजे पाण्यातली उष्णता काढून कशात घालतात? तुझा रेडिएटर घरात कुठल्या ठिकाणी बसणार? दुपारी हॉलच्या किती खिडक्या उघड्या असतात? भिंतीवर लावायचं थर्मामीटर घरात आहे का? नसेल तर आण आणि अण्णाच्या दिवाणाच्या वर, डोक्याच्या उंचीवर लाव. मशीन चालू असताना आकडा काय येतो तो मला कळव. विसरू नकोस.

अण्णाला झोप लागते. थकलेला वाटला तर वय झालंय त्याचं, वाटणारच. त्याच्याशी फोनवर कामाच्या गोष्टी जास्त बोल. तुझं काम कुठवर आलं हे तो मला रोज विचारतो, जसं काही मलाच माहीत असणार!

तुझी
मधूआत्या


चारकोप
२६ जून

प्रिय आत्या,

झालं! झालं! झालं!

पहिलाच ब्लॉक घेतला, तो पारदर्शक, फोटो जोडलाय. रागावू नकोस, नळ्या आखूडच आहेत. रेडिएटर कॅबिनेटच्याच डोक्यावर बसवला. एक थेंब गळला नाही. पूर्ण ताकदीने चालवूनही कार्ड साठ अंशांच्या वर जात नाही, आधी पंच्याऐंशीला जायचं. आणि आवाज? शून्य. मी अण्णांच्या दिवाणावर आडवा पडून ऐकलं. समोरच्या सुलक्षणाताईंच्या क्लासमधली पोरं सतराचा पाढा म्हणत होती, चुकत होती, ते सगळं ऐकू आलं. या हॉलमध्ये एवढी शांतता मी लहानपणापासून ऐकली नव्हती.

थर्मामीटर आणायचं राहिलं गं. पण आता गरजच नाही ना, कार्ड थंड आहे.

मी रविवारी सकाळी येतो, अण्णांना घेऊन जातो. दिवाणाला नवीन चादर घातलीय. त्यांना फक्त बॅग भरायला सांग, कारण सांगू नकोस. इथे आल्यावर मशीन चालू करून विचारणार आहे, ‘अण्णा, ओळखा बघू, चालू आहे की बंद?’

यज्ञेश


मुलुंड पूर्व
२७ जून

चि. यज्ञेश,

रविवारी येऊ नकोस. अण्णा इतक्यात येणार नाही. तुझ्या ब्लॉकचा फोटो सुंदर आहे. पण मी थर्मामीटर मागितलं होतं.

मधूआत्या


चारकोप
२७ जून

आत्या,

हे काय चाललंय? मी महिनाभर जीव तोडून सगळं केलं आणि तू दोन ओळींत येऊ नकोस म्हणतेस? अण्णांना विचारलंस तरी का? की तूच त्यांना ठेवून घेतलंयस? तुला सोबत हवी आहे हे मी समजू शकतो, पण ते माझे वडील आहेत. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. आवाज नाहीसा केला, आता अजून काय करू? थर्मामीटर, थर्मामीटर! ताप आलाय का कोणाला?

स्पष्ट काय ते सांग.

यज्ञेश


मुलुंड पूर्व
२९ जून

यज्ञेश, बाळा,

दोन दिवस विचार केला आणि आता शपथ मोडतेय. अण्णाने मला तुझी शपथ घातली होती. तरी मोडतेय.

अण्णा आवाजाने आला नाही. मी त्याला आणलं. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी सहज फोन केला तर तो भलतंच बोलायला लागला. मला सुमती म्हणाला, तुझ्या आईच्या नावाने. मग फोन हातातून पडल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. माझ्याकडे सुलक्षणाचा नंबर होता, तिला पळवलं. तुमच्या दाराची किल्ली तिच्याकडे असते ते बरं. तिने दार उघडलं तर तुझा बाप स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फरशीवर बसलेला, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं. तिने डॉक्टरांना बोलावलं, अंगावर ओली चादर घातली. मी टॅक्सी करून पोचले तोवर त्याला सलाइन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तू घरी यायच्या आत आम्ही सगळं आवरलं. सुलक्षणालाही त्याने शपथ घातली. दुसऱ्या दिवशी तुला म्हणाला, ‘हवापालट.’

आता ऐक, आणि ऐकताना खाली बस. सुलक्षणाच्या क्लासला त्रास नको म्हणून तो दुपारभर सगळ्या खिडक्या लावून घ्यायचा. तिने कधी तक्रार केली नव्हती, बिचारीला पत्ताही नव्हता. आणि पंखा बंद ठेवायचा. होय, मेच्या दुपारी, डोक्यावरचा पंखा बंद! एप्रिलमध्ये कधीतरी लोड वाढून मेनचा खटका पडून तुझं दिवसभराचं काम वाया गेलं होतं, तेव्हा तू फोनवरून म्हणालास, ‘अण्णा, मशीन चालू असताना दुसरं काही लावत जाऊ नका.’ तुझ्या मनात गिझर असेल, इस्त्री असेल. त्याने सगळंच धरलं. मुलाचं काम बिघडायला नको. मी त्याला म्हटलं, अरे वेड्या, पंखा तो केवढा, तो काय खातो! तर म्हणाला, ‘मला विजेतलं कळत नाही मधू, उगाच धोका कशाला?’

तुझं मशीन पाचशे वॅट घेतं, हो ना? माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता टाकतो. म्हणजे बंद खिडक्यांच्या त्या हॉलमध्ये अण्णाभोवती दिवसभर पाच पाहुणे येऊन बसायचे. तू पाण्याचा ब्लॉक लावलास. पाणी उष्णता खात नाही रे, फक्त वाहून नेतं! पंखे काढलेस, आवाज गेला, पाहुणे तिथेच बसलेत. कार्ड पंचवीस अंशांनी थंड झालं आणि हॉल एका अंशानेही झाला नाही. म्हणून तुला पहिल्या पत्रापासून एकच प्रश्न विचारत होते. वाटलं, हुशार मुलगा आहे, स्वतःच पोचेल. नाही पोचलास, चूक माझीच. अशा गोष्टी कोड्यात सांगायच्या नसतात.

त्याने तुझ्यापासून का लपवलं? तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी मशीन विकलं असतंस, म्हणून. ‘त्याचं चांगलं चाललंय, माझ्यामुळे थांबायला नको,’ हेच रोज म्हणतो. मला सोबतीसाठी ठेवून घेतला म्हणालास. हो, घेतला ठेवून. माझा एकुलता एक भाऊ आहे तो. मला तो जिवंत हवाय.

तुझी
मधूआत्या


चारकोप
२० जुलै

प्रिय आत्या,

तीन आठवडे लिहिलं नाही. आधी माफी मागतो, सोबतीबद्दल जे बोललो त्याची. तुझा मेल स्टुडिओत वाचला. सिद्धेशने काही न विचारता मला खाली नेऊन चहा पाजला.

तू म्हणालीस तसं मशीन विकणारच होतो. गिऱ्हाईकही बघितलं. मग वाटलं, अण्णांनी एवढं सोसलं ते हे विकायला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकली, थर्मामीटर आणलं, दिवाणाच्या वर लावलं आणि अण्णा करायचे तसंच केलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मशीन सुरू केलं आणि त्यांच्या जागी बसलो. बाहेर पाऊस होता, मे नव्हता, मी एकतीस वर्षांचा आहे, आणि तरी मला दोन तासही बसवलं नाही. आकडा अडतीसवर गेला. स्क्रीनवर कार्ड मात्र हिरवं, साठ अंश, एकदम खूश! माझ्या मशीनमध्ये कार्डाचं तापमान बघायला तीन वेगवेगळे मीटर आहेत, आणि माणसाचं बघायला एकही नव्हता. लाज वाटली गं.

मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. उष्णता हॉलच्या बाहेर गेली पाहिजे, म्हणजे रेडिएटरच बाहेर. आमच्या हॉलच्या खिडकीला बाहेर आलेली जाळी आहे ना, वर पत्र्याचं छप्पर असलेली, ज्यात आईच्या कुंड्या असायच्या? रेडिएटर तिथे टांगला. भिंतीला भोक पाडून दोन लांब नळ्या आत आणल्या. आणि पाणी पुढे सरकेना! तुझं शहाळं आठवलं. त्या बारीक चिरांच्या सुंदर ब्लॉकमधून एवढ्या लांबवर पंपाचा जीव जात होता. शेवटी तो सिद्धेशला देऊन टाकला आणि सरकारी ब्लॉक आणला. काळा, रुंद चिरांचा. आतलं काही दिसत नाही. कार्ड आता पासष्टला असतं आणि हॉल मशीन बंद असताना जसा असतो तसाच. वायरमन बोलावून मशीनची लाइन वेगळी करून घेतली, आता खटका पडायची भीती नाही. सुलक्षणाताईंनी तर मला दारात उभं करून झापलं, ‘माझी पोरं स्वतःच एवढी ओरडतात, त्यांना तुझा कसला आवाज ऐकू येणार?’ पाय धरले त्यांचे. खरंच धरले, त्या लाजल्या.

मग गुरुवारी तू अण्णांना टॅक्सीत बसवून दिलंस. तू मला सांगितलंस हे मी त्यांना कळू दिलेलं नाही. एवढंच म्हणालो की मशीन दुरुस्त केलंय. त्यांनी खिडकीतून वाकून रेडिएटर बघितला, त्याच्या वाऱ्यासमोर हात धरला, म्हणाले, ‘छान आहे, रुमाल वाळतील.’ मग थर्मामीटर दिसलं. तिथे बराच वेळ उभे राहिले.

शुक्रवारी मी घरूनच काम केलं. दुपारी जेवलो, मशीन चालू केलं, सगळ्या खिडक्या उघड्या. अण्णा दिवाणावर आडवे झाले. उकाडा तर होताच, जुलै आहे. मी पाठमोरा बसून चित्रं तपासत होतो. मला वाटलं झोपले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, हळूच, दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेल्यावर माणूस बोलतो तसा:

“यज्ञेश, पंखा लावू का रे?”

आत्या, त्यांचं घर आहे. त्यांनी तीस वर्षं हप्ते भरून घेतलेलं. मला मागे वळताच येईना, डोळ्यांना धार लागली होती. तसाच उठलो, भिंतीकडे गेलो आणि पंखा लावला, पूर्ण पाचवर. टेबलावरचे कागद उडाले, कॅलेंडर फडफडायला लागलं, नवी चादर अण्णांच्या अंगावरून सरकली.

“अरे, एवढा नको,” अण्णा म्हणाले, “दोनवर ठेव.”

तुझा
यज्ञेश